धोंडुबाईनं सोडलेलं भोक

मित्रांनो, मी घोंगडी आहे. काळी, जाडीभरडी, आणि माझ्या अंगाला मेंढरांचा वास येतो. आधीच सांगते, म्हणजे नाकाला रुमाल लावणाऱ्यांना आत्ताच उठून जाता येईल.

माझा जन्म म्हसवडचा. नाथाजी सणगरांनी खड्ड्यात पाय सोडून, मागावर बसून मला विणलं, चिंचोक्याची खळ लावली आणि उन्हात ताठ वाळवलं. बिरदेव नावाच्या मेंढपाळानं मला घेतलं. माण तालुक्यात पाणी नाही, म्हणून दिवाळी झाली की तो मेंढरं घेऊन कराडकडच्या उसाच्या मुलखात उतरायचा. अवकाळी पावसात मी त्याच्या डोक्यावर, थंडीत अंगावर. त्याची लेक सोनम वाटेवरच्या तळावर जन्मली. तिला पहिली ऊब मीच दिली. बाभळीचा काटा, चुलीची ठिणगी, कुत्र्याचा दात, जो भेटला त्यानं मला एकेक भोक पाडलं. मी तक्रार केली नाही. कामात पडलेली भोकं होती ती.

पुढं बिरदेव वारला, मेंढरं विकली. घरात वाघाचं चित्र असलेली गुबगुबीत ब्लँकेटं आली आणि मी गोठ्यात, कुत्र्याखाली गेले. पुढाऱ्यांचे सत्कार मात्र अजून घोंगडी देऊनच होतात. फोटो निघाला की ती घोंगडी गाडीच्या डिकीत. खोटं वाटत असेल तर डिकी उघडून बघा.

एक दिवस सोनमनं कुत्र्याला उठवलं आणि मला झटकलं. ती कुठल्या शाळेत चित्रं शिकली नव्हती. स्वतःच काढत होती. सांगलीला तिशीच्या आतल्या कलावंतांसाठी एक बक्षीस होतं. मला अंधाऱ्या खोलीत टांगायचं, मागं दिवा लावायचा आणि भोकांतून उजेड पाडायचा, असं तिनं ठरवलं. प्रत्येक भोकाखाली तिनं लाल दोऱ्यानं ते ज्या तळावर पडलं त्याचं नाव शिवलं. तिचा अर्ज शेवटच्या दहांत निवडला गेला. पुढच्या महिन्यात तिला तीस वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे ही एकच संधी.

निघायच्या आदल्या दिवशी ती खोकं आणायला दहिवडीला गेली. तिची आई धोंडुबाई अंगणात मला मांडीवर घेऊन बसली. यंदाच्या कोकरांची पांढरी लोकर शेजारणीकडून आणली आणि भोकं रफू करत सुटली. सोनम परत आली तेव्हा काम उरकलं होतं.

"आई, हे काय केलंस तू?"

"फाटकी घोंगडी चार लोकांत न्यायची? लोकं म्हणतील, हिला आई न्हाई."

"अगं, भोकंच दाखवायची हुती मला."

"भोकं काय दाखवायची असत्यात व्हय? लय शानी झालीस."

सोनम जेवली नाही. सकाळी एसटीत मला मांडीवर घेऊन बसली, तर पिशवीतली कात्री मला टोचत होती. मित्रांनो, मी कातरणीला घाबरत नाही, माझी लोकर कातरूनच आली आहे. पण धोंडुबाईचे ते टाके तुटणार, याची मला भीती वाटली.

सांगलीच्या दालनात संयोजक हंबीरराव घड्याळ बघत उभे होते. "बाई, अर्जात भोकं लिहिलीत. इथं तर ठिगळं आहेत. तासाभरात परीक्षक येतील."

"उसवते," सोनम म्हणाली. टाके नीट दिसावेत म्हणून तिनं मागचा दिवा लावला. काळ्या अंगावर पांढरे डाग, आणि मधोमध एकच बारीक उजेड. एक भोक धोंडुबाईनं सोडलं होतं. का, ते मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठं?

सोनमनं फोन लावला. "आई, एक भोक राहिलंय."

"राहिलं न्हाई, सोडलंय."

"का?"

"तान्ही हुतीस तवा त्यातनं बोट भाईर काढायचीस. बाप तुझा ते बोट धरून चालायचा. ते कसं बुजवू, सांग की."

सोनमनं फोन ठेवला. मग कात्री पिशवीत गेली. तिनं पेन काढलं आणि भिंतीवरच्या पाटीत आपल्या नावाखाली लिहिलं: धोंडुबाई.

हंबीररावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एकच नाव चालतं. वयाची अट आहे. नंबर जाईल तुमचा."

"जाऊ दे. टाकं तिनं घातल्यात."

परीक्षक बाई त्या एका उजेडासमोर पाटी वाचत उभ्या राहिल्या. बक्षीस मिरजेच्या एका मुलाला गेलं. नियम तो नियम. पण त्या बाई पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, "ही घोंगडी आमच्या संग्रहालयाला द्या. काचेत ठेवू, कायमची."

सोनम हसली. "आवं मॅडम, थंडी आलीय. आई काय पांघरंल?"

मी जन्मभर उपकार मानते, तर त्या एका वाक्याचे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंचा सत्कार करू नका, त्या वापरा. फाटल्या तर सांधा. सांधताना कुठलं भोक ठेवायचं, ते मात्र घरातल्या जुन्या माणसाला विचारा.

आता मी धोंडुबाईच्या अंगावर असते. गोठ्यात वाघाच्या ब्लँकेटवर कुत्रं झोपतं. पहाटे उजाडलं का ते बघायला म्हातारी तोंड बाहेर काढत नाही. त्या भोकातून एक बोट काढते, बाहेरची थंडी चाचपते आणि परत आत घेते.