माणसामागं ऐंशी अक्षरं

नागपूरच्या इंदोऱ्यातल्या समता वधूवर सूचक केंद्रात दोन खोल्या होत्या, एक टाइपरायटर होता आणि कांताबाई होत्या. पाटीवर अध्यक्ष म्हणून नाव होतं त्यांच्या नवऱ्याचं, आनंदराव मेश्रामांचं. पण येणारा माणूस चप्पल काढता काढताच विचारायचा, "बाई आहेत का?"

बाराशे मुलंमुली कांताबाईंना तोंडपाठ होती. कोणाची उंची किती, कोणाचा मामा कन्हानला खाणीत आहे, कोणत्या घरात सासू बोलते आणि कोणत्या घरात सासराच जास्त बोलतो. एखादा फॉर्म सापडेना की केंद्राची टायपिस्ट पुष्पलता तो शोधत बसायची नाही. "मावशी, तो पाचपावलीचा बँकेतला?" एवढं विचारायची, आणि मावशी वांगी चिरता चिरता सगळा फॉर्म सांगून टाकायच्या.

अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चमध्ये लंडनहून पत्र आलं. कांताबाईंनी ज्याचं लग्न जुळवलं होतं, त्या डॉक्टरानं लिहिलं होतं, 'केंद्रासाठी कॉम्प्युटर घ्या. खर्च माझा. लागेल तेवढा मोठा घ्या.'

आनंदरावांनी ते 'असेल तेवढा मोठा घ्या' असं वाचलं. चार दिवसांत सगळ्या इंदोऱ्याला बातमी कळली.

पाचव्या दिवशी बर्डीच्या बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून मधुसूदन नावाचा विक्रेता आला. एवढ्या उन्हातही त्याच्या गळ्यात टाय होता. पाणी पिऊन त्यानं वही उघडली.

"सगळ्यात आधी मेमरी किती टाकायची ते ठरवू. दोनशे छप्पन्न के, नाहीतर सहाशे चाळीस के."

"सहाशे चाळीस," आनंदराव म्हणाले.

"के म्हणजे काय?" कांताबाईंनी विचारलं.

"के म्हणजे के. तू मधात नको बोलू वं."

"के म्हणजे हजार अक्षरं, काकू. जवळपास." मधुसूदन पोरगा सरळ होता. "आमचा प्रोग्राम सगळ्या मुलामुलींची माहिती एकदमच मेमरीत घेतो. म्हणून एका माणसामागं किती अक्षरं ठेवायची, तो प्रश्न आहे. ऐंशी ठेवली तर दोनशे छप्पन्नमध्ये भागतं. तीनशे ठेवली तर सहाशे चाळीस पाहिजे."

"अन् लाईट गेली तं?"

"मेमरी पुसली जाते. पण डिस्कवर लिहून ठेवलेलं राहतं."

"म्हणजे तिलेबी लिहूनच ठेवा लागते," कांताबाई म्हणाल्या. त्यांना जरा बरं वाटलं. गेले चार दिवस त्यांच्या मनात काहीतरी टोचत होतं. ज्या कामासाठी माणसं आपल्या दारात येतात, ते आता एक डबा करणार होता, आणि त्या डब्याची हौस सगळ्यात जास्त आपल्याच नवऱ्याला होती.

मधुसूदननं नमुन्याचा फॉर्म पुढं केला. दुसऱ्या एका मंडळासाठी बनवलेला होता तो. गोत्र, रास, नाडी, मंगळ.

"हे सगळं काढा," कांताबाई म्हणाल्या. "आमच्यात पत्रिका नाही पाहत."

त्यानं चार रेघा मारल्या. "काकू, इथंच तुमची पंचवीस अक्षरं वाचली."

आनंदरावांचा चेहरा उतरला. कोणीतरी त्यांच्या मशीनचा तुकडाच कापून नेल्यासारखा.

"आता एका मुलाची माहिती सांगा. तुम्ही सांगता तशीच. मी अक्षरं मोजतो."

कांताबाईंनी दिघोरीचा एक मुलगा घेतला. शिक्षण, नोकरी, स्वतःची सायकल पण वापरतो भावाची स्कूटर, बहीण माहेरी आलेली पण दोष तिचा नाही, आई देवमाणूस, चहात साखर मात्र मोजून घालते. मधुसूदनच्या बोटांना घाम आला.

"थांबा काकू. साडेचारशे झाली."

"बापाचं तं अजून सांगतलंच नाही."

"पाहा!" आनंदराव खुर्चीतून उठलेच. "म्हणून मी सांगून राहिलो, सहाशे चाळीस!"

"आणि एक महत्त्वाचं," मधुसूदन म्हणाला. "नकाराचा कॉलम. कोणाला किती नकार आले, कोणी दिले, कारण काय. म्हणजे तेच स्थळ पुन्हा जात नाही. जागा खाते ती हीच गोष्ट. उदाहरणार्थ, अशी एखादी मुलगी घ्या, जिला बरेच नकार आलेत."

मागं टाइपरायटर वाजत होता, तो थांबला.

पुष्पलता एकतीस वर्षांची होती. तिला नऊ स्थळं सांगून झाली होती. एकाला रंग नको होता, एकाला दात, एकाला मुलीबरोबर स्कूटर पाहिजे होती. एकानं पोहे दोनदा मागून खाल्ले आणि काही कळवलंच नाही. नऊच्या नऊ कारणं कांताबाईंना पाठ होती. पुष्पलतालाही होती, पण दोघींनी ती एकमेकींसमोर कधी उच्चारली नव्हती.

"आता आपल्याच इथं पाहा," आनंदरावांनी तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखाली त्यांच्या पायावर कांताबाईंचा पाय पडला. जोरात.

"नकाराचा कॉलम नको," कांताबाई म्हणाल्या.

"पण काकू, तेच स्थळ पुन्हा गेलं तर?"

"नाही जात. मी आहो ना."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

"तवा जाईन एखांदं दोनदा. जाऊ द्या. दोन वर्षांनी माणसाची अक्कल बदलते. पण कोणीबी येऊन बटन दाबावं अन् पोरीले काहून नाही म्हटलं ते वाचावं, हे मले नाही पाहिजे. लिवा तुमी. दोनशे छप्पन्न."

"अवं पण डॉक्टरानं—"

"दोनशे छप्पन्न."

मागं टाइपरायटर पुन्हा सुरू झाला. सुरुवातीच्या ओळीत बऱ्याच चुका झाल्या असाव्यात, कारण पुष्पलतानं कागद काढून नवा लावला.

मग दुपारभर तिघांनी माणसाला कापून ऐंशी अक्षरांत बसवलं. नाव, वय, उंची, शिक्षण, नोकरी, पत्ता. मधुसूदननं मोजली, अठ्ठ्याहत्तर भरली. उरलेल्या दोन अक्षरांत काय घालावं यावर आनंदरावांनी अर्धा तास सूचना केल्या. कांताबाईंनी ती रिकामी ठेवली.

आनंदराव दोन दिवस बायकोशी बोलले नाहीत. चौकात ते सगळ्यांना सहाशे चाळीस सांगून बसले होते. त्यांनी लंडनला तक्रारीचं चार पानी पत्र धाडलं. डॉक्टरानं पोस्टकार्डावर उत्तर पाठवलं, 'कांतामावशी म्हणतील तसं.'

मशीन आलं. बर्डीवर आठ दिवस जाऊन पुष्पलता ते शिकली आणि महिनाभर फॉर्म भरत राहिली. एक दिवस दुपारी तिनं हाक मारली, "मावशी, इकडं या वं."

पडद्यावर तिचीच नोंद होती. नोकरीच्या रकान्यात तिनं टायपिस्ट पुसून इंग्रजीत 'कॉम्प्युटर ऑपरेटर' लिहायला घेतलं होतं. रकाना बारा अक्षरांचा. 'कॉम्प्युटर ऑपे' एवढंच बसत होतं.

"मावशी, हे मावूनच नाही राहिलं."

"मी पहिलेच सांगतलं होतं!" आतल्या खोलीतून आनंदराव ओरडले.

कांताबाईंनी चष्मा सारखा केला. "मंग ते ऑपे काढ. नुसतं कॉम्प्युटर ठेव."

तसं ठेवलं. नोकरी कॉम्प्युटर! केंद्राची यादी वाचणाऱ्यांत कोणाला ते खातं वाटलं, कोणाला कारखाना. दिवाळीपर्यंत तीन स्थळं चालून आली. पहिल्या दोघांना पुष्पलतानंच नाही म्हटलं. कांताबाईंनी कारण विचारलं नाही. तिसरा कामठीच्या शाळेत गणित शिकवायचा. तो पोहे खाऊन गेला त्याला आठवडा झाला, तरी पुष्पलता काही बोलेना.

शेवटी आनंदरावांनाच राहवेना. "काय वं पोरी, त्याले काय कळवू?"

"थांबा ना काका," पुष्पलता बोटं चालवत म्हणाली, "मी विचार करून राहिली."