खिडकीखालची जागा

इताइया वळणावर दिसला, तशी कातारिनाने घराची किल्ली तांदळाच्या डब्यात खुपसली.

"लपवतेस कशाला?" तिचा नवरा तोआनी म्हणाला. "त्याने मागितलं तर डबा उचलून द्यावा लागेल."

ते खरंच होतं. या बेटांवर नातलगाने खाली बसून, मान लववून काही मागितलं की ती बुबुती, आणि बुबुतीला नाही म्हणणाऱ्याच्या घरी कुणी पाणीही पीत नाही. तोआनीची होडी अशीच गेली होती.

पण घर? नऊ वर्षं सरकारकडे अर्ज केले, तेव्हा या दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर आणि पाण्याची टाकी पदरात पडली होती. येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. निम्मी गाठोडी अजून सोडायचीच होती. इताइया तिचा चुलतभाऊ, आणि गेल्या महिन्यात समुद्राने त्याची झोपडी नेली होती. तो काय मागणार हे कुणी सांगायला नको होतं.

इताइया दारात पाय धुऊन चटईवर बसला.

"दाजी, एवढं मोठं कुलूप? इथे चोरालासुद्धा आधी अर्ज करावा लागेल."

"आणि नऊ वर्षांनी नंबर लागेल," तोआनी म्हणाला. दोघे हसले. कातारिनाला हसू आलं नाही.

मग इताइयाने मान खाली घातली.

"ताई, मी बुबुती घेऊन आलोय."

तोआनीचे दोर वळणारे हात थांबले.

"घर नकोय मला, घाबरू नकोस. आम्ही बायकोच्या भावाकडे पडून आहोत, चाललंय. माझ्या रुतासाठी जागा हवी. परवाच्या भरतीत तिच्या कबरीच्या उशाचे दगड वाहून गेले. आता रोज पाणी चढतं गं तिच्यावर. तुझ्या अंगणात दोन हात जागा दे. चारच वर्षांची होती, जास्त लागणार नाही."

घर वाचलं, म्हणून कातारिनाने मोकळा श्वास घेतला, आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली. इताइयाच्या या लेकीला शेवटची आंघोळ तिनेच घातली होती. मग तिला घराचा तो कागद आठवला. सही घेण्याआधी कारकुनाने चौथं कलम दोनदा वाचून दाखवलं होतं: अंगणात कबर केली तर घर परत घेतलं जाईल. कारकून दर महिन्याला पाहणीला येणार होता.

तिने तोआनीकडे पाहिलं. तो दोराकडे बघत होता.

"कुठल्या बाजूला घ्यायची?" त्याने विचारलं.

"खिडकीखाली," कातारिना म्हणाली. "पोरी तिथेच झोपतात. तिला सोबत होईल."

इताइयाने डोळे पुसले.

"कुणाची आडकाठी नाही ना, ताई?"

"आमच्या दारात कोण आडवं येणार? उद्या सकाळी घेऊन ये तिला."

तो गेल्यावर तोआनी फावडं शोधायला उठला. कातारिनाने डब्यात हात घालून किल्ली काढली, तिला चिकटलेले तांदूळ पुसले आणि ती खिळ्याला अडकवली. आतल्या खोलीत थोरली मुलगी भांड्यांच्या गाठोड्याची गाठ सोडत बसली होती.

"राहू दे गं," कातारिना म्हणाली. "उरलेली गाठोडी आता सोडू नकोस."