वळणावरचं ओझं

आमचा मुकादम माणसाला मारायचा ते ओझं पाठीवर चढल्यावर. त्याआधी अजिबात नाही. सकाळी आवारात सगळे मोकळ्या हातांनी उभे असायचे तेव्हा हा इतका गोड बोलायचा की वाटावं, आता कुणाची तरी पप्पी घेतो की काय! "काय रे डोंगळ्या, पोरं बरी ना? ताई, चहा झाला का?" पण एकदा का करंडीचा पट्टा कपाळावर बसला आणि दोन्ही हात कानांजवळ त्या पट्ट्याला गेले, की ह्याच्या हातातल्या काठीला कंठ फुटायचा.

कारण साधं आहे. पट्टा धरलेल्या हमालाला हात सोडता येत नाहीत. सोडले तर चाळीस-पन्नास किलो मागे ओढतात, मान झटकते आणि माणूस करंडीसकट उताणा. बरं, ओझंच खाली टाकून द्यावं म्हणाल, तर ते आमच्यात कुणी करतच नाही. चढणीवर ओझं टाकणारा हमाल संपला. मुकादम राहू दे बाजूला, आपलीच माणसं त्याला संपवतात! माझ्या आजोबांच्या वेळी एकाने टाकलं होतं, तर त्याच्या नातवाला लोक अजून 'टाक्या' म्हणतात. तो बिचारा बसचा वाहक आहे. त्याने आयुष्यात तिकिटाचा कागदसुद्धा खाली टाकलेला नाही.

तर हे मुकादमाला पक्कं माहीत होतं. म्हणून तो पाय, पोटऱ्या, बरगड्या असं निवडून निवडून मारायचा आणि समोरचा दात खाऊन चालत राहायचा. डोंगळ्याच्या पोटऱ्यांवर इतके वळ होते की माझी आत्या, तीही हमालच, त्याला म्हणायची, "तुला मोजे घ्यायला नकोत रे, विणलेलेच आहेत."

आता वळणाचं सांगते. डोंगर चढायला येणाऱ्या पाहुण्यांचं सामान आमचे लोक वर नेतात. गावाबाहेर नाका आहे, तिथे भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलंय: एका हमालावर तीस किलोंहून जास्त ओझं नाही. नाक्यावर ताणकाटा टांगलेला असतो. नाकेवाला प्रत्येक करंडी त्याला लावतो, एकोणतीस, तीस, एकोणतीस, शाब्बास, चला पुढे. मग वाट डोंगराला वळसा घालते, नाका दिसेनासा होतो आणि तिथे मुकादमाची पत्र्याची शेड. शेडमध्ये गॅसच्या टाक्या, घडीच्या खुर्च्या, पाहुण्यांच्या अंघोळीचा तंबू. ते सगळं पुन्हा त्याच करंड्यांवर चढायचं. ह्याला सगळे 'वळणावरचं' म्हणायचे, जसं कुणी जेवणानंतरचं पान म्हणावं तसं.

बाबा गेल्या वर्षी बर्फावरून घसरले तेव्हा त्यांच्या मानेचा एक मणका सरकला होता. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पंचवीसच्या वर उचलायचं नाही, नाहीतर हात कायमचे जातील. जातील म्हणजे हलणार नाहीत. डाव्या हाताची बोटं तेव्हाच अर्धी झोपली होती, बाबांच्या सदऱ्याची बटणं आई लावायची. हे आम्हा चौघांनाच माहीत होतं: बाबा, आई, आत्या आणि मी. मुकादमाला कळलं असतं तर बाबांना पुन्हा कुणी कामावर उभं केलं नसतं. आणि न कळवता उचलत राहिले असते तर हात गेले असते. घरात रोज ह्याच दोन भिंतींमध्ये आमचं डोकं आपटायचं.

उपाय आत्याने काढला. आत्या बाबांपेक्षा सहा वर्षांनी मोठी आणि हमालीतही त्यांना सीनियर. पहिल्याच वर्षी मुकादमाने बाईमाणूस म्हणून तिला कमी ओझं देऊ केलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "तुझंही दे की, दमलेला दिसतोयस." तर ती म्हणाली, "बारक्या, तुझी करंडी आवारातच पंचवीसवर बांधू आणि वळणावरचं मी घेईन. तू तोंड बंद ठेव." बाबा पंचेचाळीस वर्षांचे आहेत, पण तिच्यासाठी बारक्याच.

मग माझ्याकडे वळली. "आणि भोंग्या, तुला सुट्टी आहे ना? वळणापर्यंत चल आमच्याबरोबर. बापावर डोळा ठेव. तोंड तूही बंद ठेव."

भोंगा म्हणजे मी. गंमत म्हणजे वर्षापूर्वीपर्यंत मला घरात 'मुकी' म्हणायचे! मग शाळेत बाईंनी मला भाषणाच्या स्पर्धेत अक्षरशः पाठीत ढकलून मंचावर चढवलं, मी डोळे मिटून बोलले, आणि डोळे उघडले तर पहिला नंबर. तेव्हापासून मला थांबवणं अवघड झालंय, हे मी स्वतःच कबूल करते.

त्या दिवशी सतरा हमाल होते, पाच पाहुणे आणि मुकादम व त्याचे दोन पहिलवान. पाहुणे हातात छोट्या बाटल्या घेऊन पुढे निघून गेले होते. वळणावर रांग लागली. मुकादमाने बाबांच्या करंडीवर गॅसची टाकी ठेवायला उचलली.

"ती इकडे टाक," आत्या म्हणाली. तिच्यावर आधीच खुर्च्या होत्या.

"का ताई? भावाचे फार लाड?"

"राखी फुकट बांधत नाही मी. टाक."

मुकादम हसला, पण त्याचे डोळे बाबांवर बसले. त्याने टाकी आत्यावर चढवली आणि बाबांच्या करंडीवर अंघोळीचा तंबू. मग चार खुर्च्या. मग बाबांच्या मागे जाऊन त्याने काठी सणकन त्यांच्या गुडघ्यामागे मारली. "चल! की तुलाही उचलून न्यायचं?"

बाबा डगमगले. पट्ट्यावरची डाव्या हाताची बोटं एकेक करून सुटताना मला दिसली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. चेहरा राखेसारखा झाला होता आणि तरीही ते पाऊल पुढे टाकत होते.

आणि मी ओरडले.

"थांबा! मणका सरकलाय त्यांचा! डॉक्टरांनी पंचवीसच किलो सांगितलेत!"

भाषणाच्या स्पर्धेत शेवटच्या बाकापर्यंत आवाज जावा लागतो. माझा डोंगराला आपटून परत आला. सगळी रांग थांबली. आत्याने डोळे मिटले. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते मी कुणालाही सांगू शकणार नाही.

मुकादम मात्र खूश झाला. "असं होय!" तो सावकाश बाबांच्या मागे गेला, काठीचं टोक त्यांच्या मानेवर, पट्ट्याच्या बरोबर खाली ठेवलं आणि म्हणाला, "इथे का?" आणि दाबलं.

बाबा किंचाळले. माझ्या बाबांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ते गुडघ्यांवर आले, पण करंडी पाठीवरच! माणूस मोडेल पण करंडी पडणार नाही! त्याने परत दाबलं. "आणि इथे?"

मग आत्याने ते केलं.

ती डोंगराच्या बाजूला वळली, मान खाली घातली आणि दोन्ही हात सोडले. पट्टा कपाळावरून सटकला. करंडी मागे कलंडली, कडेवर क्षणभर थबकली आणि गेली. डबे, ताटं, गॅसची टाकी, खुर्च्या, सगळं दरीत. किती वेळ ते आदळत होतं! खालून शेवटचा 'ठण्ण' आला तोवर कुणी श्वास घेतला नव्हता.

मुकादमकीच्या बारा वर्षांत पहिल्यांदाच मुकादमाने वळणावर कुणाचे तरी हात मोकळे पाहिले. फार वेळ पाहता आले नाहीत. आत्याची पहिली मूठ त्याच्या नाकावर बसली आणि नाकाचा आवाज आला, वाळकी फांदी मोडल्यासारखा. दुसरी भुवईवर. रक्त त्याच्या पांढऱ्या जाकिटावर कुणी बाटली सांडावी तसं उतरलं. पण काठी त्याच्याच हातात होती. त्याने आडवी फिरवली आणि ती आत्याच्या जबड्यावर बसली. आत्या बसली खाली. तिचं तोंड एका बाजूला गेलं होतं, म्हणजे खरोखर एका बाजूला, आणि ओठातून दोन दात मातीवर पडले.

"धरा रे हिला," मुकादम म्हणाला. पहिलवान पुढे झाले.

डोंगळ्याने ओझं टाकलं. मग आमच्यातल्या सगळ्यांत उंच लंबूने. मग एकापाठोपाठ एक, धप्प, धप्प, धप्प, पूर्ण रांग! अंड्यांची पेटी फुटली आणि वाट पिवळी झाली. त्या निसरड्या पिवळ्यातच सगळे एकमेकांवर तुटून पडले. लंबूने एका पहिलवानाचं डोकं पत्र्याच्या शेडवर आपटलं, परत आपटलं, पत्र्याला खड्डा पडला. दुसऱ्याने डोंगळ्याचा गळा धरला होता. डोंगळा त्याच्या काखेएवढा, तो कानापर्यंत चढला आणि चावला. कानाची पाळी तोंडात घेऊनच खाली आला. मुकादमाला चौघांनी उताणा पाडला होता, त्याच्या पोटात लाथा बसत होत्या आणि प्रत्येक लाथेबरोबर मारणारा एक आकडा म्हणत होता. "सत्तेचाळीस! पन्नास! चव्वेचाळीस!" कुठल्या चढाईत किती किलो, ते.

मीही एक लाथ मारली. खोटं कशाला बोलू! मारली, आणि पायाला त्याची बरगडी लागली, आणि आवडलं मला. 

तेवढ्यात मला बाबा दिसले. सगळ्यांनी ओझं टाकलं होतं, बाबांनी नाही. ते तसेच गुडघ्यांवर होते, पट्टा कपाळात रुतलेला, ओठ निळे. हात हलत नव्हते म्हणून टाकता येत नव्हतं! मी धावले, करंडी उचलायला गेले, कसली उचलतेय! तेव्हा शेजारी दुसरे दोन हात आले. पाहुण्यांपैकी लाल टोपीची बाई आवाज ऐकून धावत परत आली होती. तिने खिशातून चाकू काढून पट्टा कापला. करंडी मागे पडली आणि बाबा पुढे, माझ्या मांडीवर.

"हे काय चाललंय?" तिने तिच्या भाषेत विचारलं.

शाळेत शिकलेली ती भाषा मी तोवर फक्त परीक्षेत वापरली होती. आता सगळं सांगितलं. तीस किलो, वळण, शेड, काठी. व्याकरणाचं पार भजं झालं असेल, पण तिला कळलं. तिने आमच्या करंड्यांकडे पाहिलं आणि मग बाबांच्या करंडीवर बांधलेल्या अंघोळीच्या तंबूकडे. तिचा चेहरा लाल टोपीसारखा झाला. "हा माझ्यासाठी होता," ती म्हणाली.

नाकेवाला शिट्टी फुंकत आला तेव्हा मारामारी दमून थांबली होती. हमाल वाटेवरच मांडी घालून बसले होते, वर जायला जागाच ठेवली नव्हती. आत्याने एका हाताने जबडा धरला होता. तिने दुसऱ्या हाताचं बोट नाक्याकडे केलं आणि म्हणाली, "गाटा." दात नसल्यामुळे 'काटा'चं ते झालं होतं, पण कुणी हसलं नाही. नाकेवाल्याने पाहुण्यांकडे पाहिलं, मुकादमाकडे पाहिलं आणि ताणकाटा आणला. उरलेल्या करंड्या पाचही पाहुण्यांसमोर लागल्या. अठ्ठेचाळीस. एक्कावन्न. बाबांची त्रेपन्न.

नंतरचं पटकन सांगते. पोलिसांनी डोंगळ्याला आणि लंबूला दोन दिवस आत ठेवलं, पहिलवानांना घरी सोडलं. आत्याचा जबडा तारेने बांधलाय, ती नळीने जेवते आणि दातांच्या फटीतून शिव्या देते. पाहुणे वर गेलेच नाहीत, त्यांनी चढाई भरवणाऱ्या कंपनीच्या कचेरीत ठिय्या मारला आणि बाहेर उरलेले हमाल बसले. तिसऱ्या दिवशी कंपनीने कबूल केलं, दुसरा काटा वळणावर लागेल आणि तिथे हमालांचा माणूस उभा राहील. मुकादम मात्र तोच ठेवला.

बाबांचा उजवा हात परत आला. डावा नाही. चार दिवस बटणं त्यांनी आईकडूनच लावून घेतली. पाचव्या दिवशी मी त्यांची बटणं लावत होते तेव्हा म्हणाले, "खरं बोललीस. पण मान माझी होती. सांगायची की नाही, ते मी ठरवायचं होतं."

मला खूप उत्तरं सुचली. मी फक्त "हो," म्हणाले.

काट्यापाशी कोण, असा प्रश्न आला तेव्हा हमालांनी बाबांचं नाव घेतलं. पुढची तुकडी निघाली त्या दिवशी मी वळणावर होते. बाबा उजव्या हाताने काट्याचा आकडा करंड्यांना अडकवत होते. लंबूच्या करंडीला काटा एकतीसवर थांबला.

"एक किलो काढ," बाबा म्हणाले.

मुकादमाच्या भुवईवर चार टाके होते, नाक वाकडं. "एका किलोने काय मरतोय का तो? चढव."

"काढ."

मुकादमाची काठीवरची मूठ आवळली. मागे चौदा जण ओझी घेऊन उभे होते.  त्यांचे पट्ट्यांवरचे हात थोडेसे सैल झाले. मुकादमाने ते हात पाहिले, मग दरी पाहिली. मग वाकून करंडीतून मुरंब्याची एक मोठी बरणी ओढून काढली.

"आता ही कोण नेणार?"

"तुझी पाठ मोकळी आहे की," बाबा म्हणाले.

त्याने बरणी स्वतःच्या पिशवीत घातली. काटा तीसवर आला. बाबांनी आकडा सोडवला.

"पुढचा."