नात्याची वजावट

मुलुंड पूर्वेला श्यामकांत सरांची निःपक्षपाती म्हणून जी ख्याती आहे, ती त्यांनी स्वतः फार मेहनतीने पसरवलेली आहे. कुणाच्या लग्नाची पंगत असो नाहीतर कुणाची मुंज, शेजारच्या खुर्चीवर जो कुणी सापडेल त्याला सर तो किस्सा ऐकवणारच. मधुवंती, त्यांची एकुलती एक लेक, नववीत त्यांच्याच वर्गात होती. गणितात तिला शहाण्णव पडत होते. सरांनी चौऱ्याण्णव दिले. "दोन गुण नात्याचे वजा केले!" असं म्हणून सर थांबत आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत. समोरचा बिचारा "वा, वा" म्हणे आणि मठ्ठ्याकडे वळे. त्या वर्षीचं बक्षीस पंच्याण्णव गुणांच्या कुठल्याशा पोराला गेलं, हा भाग सर सांगत नसत. तो त्यांच्या पत्नी मृणालिनीबाई सांगत, आणि कुणी न विचारता सांगत.

सर निवृत्त झाले, पण गुण द्यायची सवय काही सुटेना. घरी आमटीला गुण द्यायला लागले तेव्हा मृणालिनीबाईंनीच त्यांना गडझुंज मंडळात धाडलं. हे मंडळ म्हणजे एक अजब प्रकरण आहे. दिवाळीत पोरं मातीचे किल्ले करतात आणि सण सरला की मोडतात. या मंडळातल्या लोकांनी ते मोडलेच नाहीत. पोरं मोठी झाली, नोकरीला लागली, काहींना टक्कल पडलं, तरी दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये लांबलचक टेबल मांडून, थर्माकोलचा डोंगर आणि त्यावर किल्ला उभा करून, अंगठ्याएवढे मावळे आणि शिपाई लढवत बसतात. एकाने किल्ला राखायचा, दुसऱ्याने घ्यायचा. सैन्य किती सरकणार ते मोजपट्टी ठरवते, कोण मरणार ते फासे. लढाईचे साठ गुण, सैन्याच्या रंगकामाचे पंचवीस आणि खिलाडूवृत्तीचे पंधरा. खिलाडूवृत्तीचे गुण प्रतिस्पर्ध्यानेच द्यायचे. सर तिथे जायला लागले आणि महिन्याभरात त्यांनी या सगळ्याची बाहत्तर पानी नियमावली लिहून काढली. मंडळाचा सचिव हर्षद हात जोडून म्हणाला, "सर, आम्ही आजवर भांडून मिटवायचो." सर म्हणाले, "म्हणूनच."

मधुवंती वडिलांच्याही आधीपासून तिथे खेळायची. चौतिशीची बाई, घाटकोपरच्या एका आर्किटेक्टकडे नकाशे काढते, बोलायला कमी आणि हाताला पक्की. तिला ढाल नको होती, करंडक नको होता. तिला हवा होता किल्ला. मंडळाची जुनी रीत अशी, की वार्षिक स्पर्धा जिंकणाऱ्याने पुढच्या वर्षीचा किल्ला रचायचा आणि वर्षभर सगळ्यांनी त्यावरच लढायचं. मधुवंतीला जलदुर्ग रचायचा होता. त्याचं चित्र चार वर्षं फ्रिजवर चिकटवलेलं होतं. भरतीला वाट पाण्याखाली जाणार, ओहोटीला वर येणार, आणि लढणाऱ्याने तेवढ्या वेळात सैन्य पलीकडे काढायचं. पाणी सरकवायची युक्तीसुद्धा तिने शोधून ठेवली होती. पाण्याची बाटली काढायला गेले की सर त्या चित्रापाशी उगीच रेंगाळत. हा किल्ला उभा राहिलेला बघावा असं त्यांना फार वाटे, अगदी पोटातून वाटे. तोंडाने मात्र ते म्हणत, "डावीकडचा बुरूज जरा बोजड झालाय."

या वर्षी ती अंतिम सामन्याला पोचली. समोर आला शौनक.

शौनक गोरेगावला कर-सल्लागार आहे. लोक जिथे कंटाळून नियम वाचायचे थांबतात, तिथून हा वाचायला सुरुवात करतो. मुलगा गोड, वाकून नमस्कार करणारा, येताना सगळ्यांसाठी वडे आणणारा. पण खेळायला बसला की वाट लागलीच म्हणून समजा. नियमावलीत लिहिलं होतं, शिपायाला काय दिसतं ते त्याच्या डोळ्यांपासून मोजावं. शौनकने आपले बंदूकवाले वीतभर उंचीच्या खडकांवर चिकटवून आणले. एकेक शिपाई तटापलीकडे असा डोकावत होता, की आतल्या लोकांच्या घरात काय शिजतंय तेही त्याला दिसावं. "खडक किती उंच असावा, हे कुठे लिहिलंय काका?" सरांनी पानं चाळली. कुठेच लिहिलं नव्हतं. सैन्य रंगवलेलं असावं, असं लिहिलं होतं. कुणी रंगवलेलं, ते नव्हतं. शौनकने साकीनाक्याच्या एका कारागिराकडून अख्खी फौज रंगवून घेतली आणि तसं हसत हसत सांगितलंही.

आता अंतिम सामन्याला परीक्षक कोण? हर्षदने डोकं खाजवलं. सरांची मुलगी खेळतेय, तर सर कसे चालतील? त्यावर सरांनी स्वतःचंच कलम काढून दाखवलं: परीक्षकाचा नातलग खेळत असल्यास प्रतिस्पर्ध्याची संमती घ्यावी. शौनक ताडकन उठला. "माझी पूर्ण संमती आहे. काकांसारखा न्यायी माणूस अख्ख्या मुंबईत मिळायचा नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांचे डोळे पाणावले. मधुवंतीने तोंड उघडलं होतं, पण तिची संमती घ्यावी असं कलमात नव्हतं, तेव्हा तिला कुणी विचारलंच नाही. नातलगाचा फायदाच होणार, हे कलम लिहिताना सरांनी गृहीतच धरलं होतं.

रविवारी हॉल भरला. मृणालिनीबाईसुद्धा आल्या, पहिल्या रांगेत बसल्या. मधुवंती किल्ला राखत होती. शौनकचे खडकावरचे शिपाई तटापलीकडे बघून तिचे मावळे टिपायला लागले. ही बया डगमगली नाही. तिने सगळे मावळे आतल्या बाजूने तटाच्या अगदी पायाशी दाटीवाटीने लावले. उंचावरच्या माणसाला लांबचं दिसतं, भिंतीला चिकटलेलं दिसत नाही. शौनकचे बंदूकवाले रिकाम्या अंगणाकडे बघत बसले. हॉलमध्ये कुणीतरी "झकास!" म्हणालं. सर मनात म्हणाले, माझी पोर! आणि वर बघून मोठ्याने म्हणाले, "प्रेक्षकांनी शांतता राखावी."

मग शौनकचा फासा तटाला टेकून तिरपा राहिला. वरच्या बाजूला सहा. सर म्हणाले, "पडला तो पडला." दोन डावांनी मधुवंतीचा फासा तस्साच तिरपा राहिला, तोही सहावर. सर म्हणाले, "परत टाक."

"सर," हर्षद न राहवून बोलला, "मघाशी त्याचा चालला ना?"

"हर्षद, मी बाप आहे. मला जपून वागावं लागतं."

मधुवंतीने परत फासा टाकला. दोन पडले. तिने मोजपट्टी उचलली आणि पुढची चाल मोजायला घेतली. नववीतल्या पोरीला सवय लागली ती लागली.

तरीही ती पुढे राहिली. शेवटच्या डावात तिने चार मावळे दोरावरून मागच्या कड्याने खाली सोडले आणि शौनकची तोफ निकामी केली. लढाईत ती दोन गुणांनी वर. खिलाडूवृत्तीचे दोघांनी एकमेकांना पूर्ण गुण दिले. आता उरलं रंगकाम, आणि ते फक्त सरांच्या हातात.

सर भिंग घेऊन बसले. शौनकची फौज नीटनेटकी होती, पण सगळ्यांचे चेहरे एकाच साच्यातले. वीस गुण. मग त्यांनी मधुवंतीचे मावळे जवळ ओढले. चार महिने जेवणाच्या टेबलावर ही फौज उभी होती, ताटं तिच्या कडेने ठेवावी लागत होती. पण सरांनी ती भिंगातून कधी पाहिली नव्हती. एका मावळ्याच्या पागोट्याचा पदर सुटलेला. एकाच्या गुडघ्याला चिखल. एक म्हातारा, डोळे किलकिले करून लांब बघणारा, आणि त्याच्या कपाळावर तीन आठ्या. अंगठ्याएवढा माणूस, त्याच्या कपाळावर तीन आठ्या! सरांना एकदम गलबलून आलं. त्यांनी कच्च्या कागदावर चोवीस लिहिले.

आणि लगेच इकडेतिकडे पाहिलं.

नात्याचे दोन तर जाणारच, त्यात नवं काही नाही. बावीस. पण बावीस म्हणजे अजूनही शौनकपेक्षा जास्त. लोक म्हणणार, बापाने मुलीचं रंगकाम उचलून धरलं. एकोणीस केले. मग बेरीज केली, तर मधुवंती एका गुणाने जिंकत होती. एका गुणाने! बाप परीक्षक आणि मुलगी एका गुणाने विजयी! उद्या भाजीवालाही हसेल. अठरा केले तर बरोबरी, आणि बरोबरीत निर्णय परीक्षकाचा, म्हणजे पुन्हा संशय आलाच. सरांनी कपाळ पुसलं. जगात एकच आकडा असा होता ज्यावर कुणी बोट ठेवू शकलं नसतं. त्यांनी सतरा लिहिले, आणि त्यांना अतिशय पवित्र वाटलं.

शौनक एका गुणाने विजयी. टाळ्या पडल्या, पण कशाबशा. शौनकने जाहीर केलं की पुढच्या वर्षीचा किल्ला तो ऑनलाइन मागवणार आहे, तयार, परदेशी, जोडायला फक्त दहा मिनिटं. मधुवंती पुढे होऊन त्याच्याशी हात मिळवून आली आणि खोक्यात कापूस अंथरून एकेक मावळा भरायला लागली.

शौनक वड्याची बशी घेऊन सरांपाशी आला आणि वाकून पाया पडला.

"काका, पुढच्या वर्षीही परीक्षक तुम्हीच हं."

"अरे, तुझं मन मोठं," सर म्हणाले. "माझीच मुलगी समोर असताना तू विश्वास टाकलास."

"मन कसलं काका?" शौनक अगदी प्रेमाने बोलत होता, लपवण्यासारखं त्याला काही वाटतच नव्हतं. "तुमची बाहत्तर पानं मी दोनदा वाचली. खडकांचं सापडलं, रंगाऱ्याचं सापडलं, पण एवढ्या पळवाटा ताईपुढे पुरणार नाहीत हे मला माहीत होतं. ती भारी खेळते यार. मग माझ्या चुलतभावाच्या लग्नात तुम्ही मला तो गणिताच्या पेपरचा किस्सा सांगितलात. मी म्हटलं, मिळालं! सगळ्यात मोठी पळवाट पुस्तकात नाहीच आहे, पुस्तक लिहिणाऱ्यात आहे. तुम्ही परीक्षक असलात की मला पाचसहा गुण बसल्या जागी. म्हणून तर खिलाडूवृत्तीत मी तिला पूर्ण गुण देऊन टाकले. नियमात बसतं ना?"

"बसतं," सर म्हणाले. सवयीने म्हणाले. वडा त्यांच्या हातात तसाच राहिला.

शौनक पुढच्या माणसाला वडा द्यायला गेला. सर उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. मुलीपर्यंतचं अंतर त्यांना आज फार वाटलं. जन्मभर ज्याला आपण न्याय म्हणत आलो, त्याचा कुणी गोरेगावचा पोरगा हिशेबात धरून उपयोग करून घेतो, म्हणजे तो न्याय होता की आणखी काही, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला, आणि तो पडल्याचा त्यांना भयंकर राग आला.

"मधू, मी निकाल बदलतो," ते तिच्यापाशी जाऊन म्हणाले.

"नको बाबा. आता बदललात तर मुलीसाठी बदलला असं होईल." ती कापूस नीट करत होती. "फ्रिजवरचं चित्र आज काढून ठेवते. दार उघडलं की फडफडतं."

"अगं, पण तुझा किल्ला…"

"ते जाऊ दे. मला एक सांगा, आणि खरं सांगा. परीक्षक म्हणून नका सांगू. माझं रंगकाम कितीचं होतं?"

सरांनी खिशातलं भिंग चाचपलं. मृणालिनीबाई खुर्चीवरून उठून जवळ आल्या होत्या आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"चोवीस," सर म्हणाले.

मधुवंतीचा हात थांबला. म्हातारा मावळा तिच्या चिमटीतच राहिला. ती हसली, आणि हसताना तिचा चेहरा एकदम शाळकरी पोरीसारखा झाला. चौतीस वर्षांत या माणसाच्या तोंडून वजावट न झालेला आकडा तिने पहिल्यांदा ऐकला होता.

"पंचवीसपैकी चोवीस?"

"चोवीस. देवाशपथ."

"मग बाबा," ती हळूच म्हणाली, "तो एक कशाचा कापलात?"

दुसरा कुणी बाप असता तर त्याला कळलं असतं की या प्रश्नाला काय म्हणायचं असतं. मृणालिनीबाईंनी डोळ्यांनी खुणावलं, कोपर मारून पाहिलं. पण सरांचा चेहरा उजळला होता. त्यांनी खिशातून भिंग काढलं, खोक्यातला एक घोडेस्वार उचलला आणि बोट दाखवून सांगायला सुरुवात केली.

"हा लगाम बघ. उजव्या बाजूला रंग जरा घोड्याच्या मानेवर आलाय. म्हणजे पूर्ण एक नाही, खरं तर अर्धाच कापायचा होता, पण अर्धा गुण देण्याची तरतूद नाही, म्हणून…"

मधुवंतीने त्यांच्या हातातून घोडेस्वार काढून घेतला, कापसात निजवला आणि खोक्याचं झाकण लावलं. मायलेकी जिन्याशी पोचल्या तरी सर मागून येत होते, आणि त्यांचं लगामाचं अजून सांगून व्हायचं होतं.