दहावी ओळ

१, २, ३

वेरोनाने हातमोजा दातांनी ओढून काढला, पिशवीतून साबणाची वडी काढली आणि पावोच्या नाकासमोर धरली.

"आधी हात."

पावो कोपरांपर्यंत चरबीने माखलेला होता. त्याच्यामागे शिडीला उलटं टांगलेलं डुक्कर, खाली वाफाळणारं घमेलं आणि घमेल्याभोवती त्याचे दोन मेव्हणे. नोव्हेंबर सरत आला की ब्रियेस्तमध्ये अंगणाअंगणात हेच चालायचं, आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारांसाठी सह्या गोळा करायचे बारा दिवस यंदा नेमके त्यातच आले होते.

"तेता, सही घेतेस की ऑपरेशनला नेतेस?" गावात तिला सगळे तेता, म्हणजे मावशी, म्हणत.

"गेल्या आठवड्यात तीन पानं फुकट गेली. तुमच्या बोटांची चरबी कागदातून आरपार. उजेडाला धरलं तर पलीकडचा माणूस दिसायचा. धू बाबा, वाद नको."

तिघांनी बादलीत हात धुतले, आपल्याच पँटींना पुसले, आणि सायकलच्या सीटवर टेकवलेल्या पानावर एकेक करून नाव, पत्ता, अकरा आकडी ओळख क्रमांक आणि सही केली. धाकट्या मेव्हण्याला क्रमांक आठवेना. वेरोनाने तो त्याला तोंडपाठ सांगितला. बत्तीस वर्षं टपाल वाटलेल्या बाईला या गावातलं बरंच काही पाठ होतं, आणि त्यातलं बहुतेक आता कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

"पोस्ट बंद होऊन सहा वर्षं झाली," पावो म्हणाला, "आणि तू अजून दारोदार सह्याच घेत फिरतेस."

"तेव्हा निदान पेन्शन तरी हातावर ठेवायचीस," मेव्हण्याने भर घातली.

"डॉक्टर यास्ना निवडून आली की आणून देईन."

"निवडून? ती?"

"मतपत्रिकेवर तरी येऊ दे आधी."

खरं तर प्रश्न तेवढाच होता. देशभरातून दहा हजार सह्या झाल्या तर नाव छापायचं, नाहीतर नाही. डॉक्टर यास्नाच्या मागे पक्ष नव्हता, कचेरी नव्हती. वेरोनाने तीनशेचा शब्द दिला होता. काल संध्याकाळपर्यंत दोनशे एक्क्याण्णव झाल्या होत्या. आज शेवटचा दिवस आणि हे शेवटचं पान. पानावर दहा ओळी. चार वाजता डॉक्टरसाठी राबणारी सांदा गाडी घेऊन येणार, पानं उचलणार आणि रात्रीच राजधानीला जाणार.

"तुझी सही कुठल्या पानावर आहे गं?" पावोने विचारलं.

"वाढणारी शेवटी जेवते," वेरोना म्हणाली आणि साबण रुमालात गुंडाळला.

४

म्हातारी तेरेझा नाव लिहायला चार मिनिटं घेते. तेवढा वेळ वेरोना दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. डावा गुडघा आठवडाभर ठणकत होता. आता त्याने ठणकणंही सोडून दिलं होतं, नुसता जड झाला होता.

"झालं," तेरेझा म्हणाली. "ही आता दुसरी."

"दुसरी म्हणजे?"

"पहिली आदामला नाही का दिली? पहिल्याच दिवशी आला होता. तुझाच भाऊ ना. मला वाटलं, तुमच्या घरचं एकच असेल."

वेरोनाने पान हातात घेतलं. एका मतदाराने एकाच उमेदवाराला सही द्यायची. दुसरी दिली तर ती बाद.

"आदाम पालिकेच्या माणसांसाठी फिरत होता, तेरेझा. त्यांचा उमेदवार वेगळा."

"भाऊ एकीकडे, बहीण दुसरीकडे? एकाच अंगणात वाढलात तुम्ही!" म्हातारीला खरंच वाईट वाटलं. "मग आता माझं नाव खोडणार?"

"खोडावं लागेल."

"सुबक आलं होतं गं."

वेरोनाने चौथ्या ओळीवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तिरकी रेष ओढली. टपालाच्या वहीत असंच करायचं असे: चुकलेली ओळ असो की रिकामी, दिवस संपताना तिच्यावर रेष मारायची, म्हणजे नंतर कुणी तिथे काही घुसडू शकत नाही. तेरेझाने तिला अक्रोडांची पुरचुंडी दिली, खोडल्याची भरपाई म्हणून.

आता उरल्या सहा ओळी. हव्याही तेवढ्याच होत्या.

५

दुकानातली आना. आधी सही केली, मग विचारलं कशासाठी.

६, ७

क्रेशो आणि लुसिया या नवराबायकोच्या स्वयंपाकघरात टेबलाच्या जागी तीन सुटकेसा उघड्या होत्या. नाताळ इथे, नवं वर्ष आयर्लंडमध्ये. तिथे क्रेशोचा भाऊ मांसाच्या कारखान्यात होता.

"आम्ही चाललो, तेता. इथे अध्यक्ष कुणी का होईना."

"आज तर इथे आहात ना?"

लुसियाने एक स्वेटर घडी केला, मोडला, पुन्हा केला. "कोण उभं आहे?"

"डॉक्टर यास्ना."

"आपली? अँब्युलन्सवाली?"

"आपली."

लुसियाने स्वेटर खाली ठेवला. पोस्ट बंद व्हायच्या आधीच्या एका हिवाळ्यात ती नऊ महिन्यांची गरोदर होती. बर्फ गुडघाभर, अँब्युलन्स बंद, जिल्ह्याकडून दुसरी येईना. तेव्हा अकरा दिवस डॉक्टर यास्ना वेरोनाच्या पिवळ्या टपालगाडीत शेजारी बसून घरोघर फिरली होती. एका दारात वेरोना पत्र द्यायची आणि डॉक्टर इंजेक्शन. लोक गंमत म्हणून विचारायचे, आज टोचणारं टपाल आहे की वाचायचं? सातव्या दिवशी डॉक्टर गाडीतच झोपून गेली होती, मांडीवर रजिस्टर पत्रांचा गठ्ठा घेऊन, आणि वेरोनाने पुढची चार घरं तिला उठवलं नव्हतं.

दुसरं काही कारण वेरोनाकडे नव्हतं. डॉक्टरच्या कागदावर बारा मुद्दे छापले होते. तिला त्यातले तीन आठवत.

"दे इकडे," लुसिया म्हणाली. "क्रेशो, तूही कर. नुसता बघत बसू नकोस."

८

श्तेफ, रेल्वेतला निवृत्त पॉइंट्समन. एक पेला आलुबुखाराची राकिया घेतल्याशिवाय पेन हातात धरणार नाही म्हणाला. वेरोनाने घेतली. मग म्हणाला, एका पायावर कुणी चालतं का, दुसरा पायही आहे ना तुला. तोही पेला घेतला. सही त्याने रूळ टाकावेत तशी सरळ केली.

बाहेर तिने सायकल हातात धरली आणि चालत निघाली. बसायची हिंमत नव्हती. तीन वाजले होते आणि उजेड आत्ताच पाय मागे घ्यायला लागला होता.

९

आदामच्या अंगणातलं काम उरकलं होतं. फरशीवर पाणी मारलेलं, शिडी भिंतीला. मांडा, त्याची बायको, एकटीच कढईत चरबीचे तुकडे परतत होती.

"तो नाही," ती मागे न वळता म्हणाली. "सभागृहाची शेगडी पेटवायला गेलाय. आज पालिकाप्रमुखांचं जेवण आहे."

"मी तुझ्याकडे आले आहे. म्हणजे, जर त्याला दिली नसशील तर..."

"नाही दिली." मांडाने कढई बाजूला सरकवली आणि न सांगता नळाखाली हात धरले. "मागितली होती त्याने. म्हटलं, माझं आतडं फुटलं तेव्हा डॉक्टर यास्ना आली होती, तुझे पालिकाप्रमुख आले होते का? दोन दिवस बोलला नाही माझ्याशी."

तिने सही केली. मग पेन परत न देता पानाकडे बघत राहिली.

"मी नाही म्हटलं म्हणून तो तुझ्याकडे आला ना, सेको?"

सेको म्हणजे बहिणीला मारायची हाक. मांडा ती नवऱ्याची हाक क्वचितच वापरायची.

वेरोनाने पेन तिच्या हातातून काढून घेतलं.

"त्याला एक कमी पडत होती," ती म्हणाली.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी आदाम तिच्या दारात उभा राहिला होता, टोपी हातात. साठ हव्यात, एकोणसाठ झाल्यात, उद्या मोजणार आहेत. दफनभूमीचं गवत, सभागृहाची शेगडी, रस्त्यावरचा बर्फ: त्याच्या नोकरीच्या करारावर दर नववर्षाला पालिकेची नव्याने सही व्हायची. वेरोनाने त्याला बसायलाही सांगितलं नव्हतं, उभ्याउभ्याच केली. सहीच तर आहे, आयुष्यभर तेच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. डॉक्टर यास्ना म्हणाली, वेरोना, पुन्हा एकदा गाडी काढाल का? गाडी आता नव्हती. वेरोना म्हणाली, सायकल आहे.

आदामला दिलेल्या सहीचं सांगायचं तिने टाळलं. तेव्हापासून ती टाळतच होती.

१०

पावणेचार. वेरोनाच्या स्वयंपाकघरात मेणकापडावर पान, पानावर एक ओळ रिकामी. तिने बूट काढले नव्हते. काढले असते तर पुन्हा घालता आले नसते. गल्लीतली उरलेली घरं तिने मनातल्या मनात मोजली. बंद, बंद, जर्मनी, आदामला दिलेली, बंद, दफनभूमी.

दार न वाजवता आदाम आत आला. हातात कापडाने झाकलेली ताटली. डुक्कर कापलं की पहिला वाटा बहिणीच्या घरी जातो. आई असल्यापासून जात होता.

"गरम आहे," तो म्हणाला. "मांडाने मीठ जास्त घातलंय. तिला सांगू नकोस."

त्याने ताटली पानापासून लांब ठेवली, हे तिने पाहिलं. मग तो खुर्चीवर बसला.

"एक राहिली, असं मांडा म्हणाली."

"राहिली."

"मी करतो."

वेरोनाने मान वर केली. "आदाम, वेडेपणा करू नको. दुसरी केलीस तर बाद."

"दुसरी नाही. पहिलीच."

मागे भिंतीवरचं घड्याळ चालत होतं.

"तुझी साठात नव्हती?"

"नव्हती." त्याने नखाखालचा मळ दुसऱ्या नखाने काढला. "गोळा करणारा म्हणून माझं नाव वर होतंच. त्यांनी सह्या मोजल्या, वाचल्या नाहीत."

"म्हणजे कमी पडत होती ती तुझी."

तो पुन्हा नख कोरू लागला.

"स्वतःची राखून ठेवलीस. आणि माझी घेऊन गेलास."

"मला होईना, सेको. पेन टेकवलं होतं. मांडा पलीकडे भांडी घासत होती, आणि मला होईना." तो जमिनीकडे बघत होता. "तुला काय, तू कुणालाही करशील असं वाटलं. तू दिवसभर सह्याच करायचीस. डॉक्टर उभी राहणार हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आईशपथ."

वेरोनाला राग यायला हवा होता. तो यायला निघालाही होता, पण दिवसभराच्या वाटेने तिच्यासारखाच दमला असावा. दारापर्यंत पोहोचला नाही.

"आता देतोय ना," आदाम म्हणाला. "आण इकडे."

त्याने हात पुढे केला. बोटं चरबीने चकाकत होती. याच बोटांनी तो आत्ता सभागृहाची शेगडी पेटवून आला होता. रात्री तिथे पालिकाप्रमुख जेवायला बसतील, श्तेफ तिसऱ्या पेल्यानंतर बोलेल, आना दुकानात बोलेल. हे गाव पाकीट बंद असलं तरी आतलं वाचणारं होतं. आणि नववर्षाला अजून सत्तावीस दिवस होते.

"आधी हात," वेरोना म्हणाली.

"काय?"

"हात धू. अशी सही घेत नाहीत. न्हाणीघरात जा, तिथे गरम पाणी आहे. कोपरापासून धू."

तिने पिशवीतून साबण काढून दिला. झिजून पातळ पापुद्रा झाला होता. तो घेऊन आदाम आत गेला, आणि पाणी सुरू झाल्याचा आवाज आला.

बाहेर गाडी थांबली.

वेरोनाने पेन उचललं. दहाव्या ओळीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर टेकवलं आणि वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत रेष ओढली. मग सगळी पानं पाकिटात घालून ती दारापर्यंत गेली.

सांदा दातांची डॉक्टर होती आणि बारा दिवसांत तिने कुणाच्या तोंडात पाहिलं नव्हतं. डोळे सुजलेले. इंजिन तिने बंदही केलं नव्हतं.

"किती?"

"दोनशे नव्व्याण्णव."

"तुमची धरून?"

न्हाणीघरात पाणी चालूच होतं.

"नाही," वेरोना म्हणाली. "माझी बाद आहे. डॉक्टरांना सांगा. मीच सांगणार होते, पण जमलं नाही."

सांदाने तिच्याकडे पाहिलं. मग पाकीट शेजारच्या सीटवर, दुसऱ्या पाकिटांच्या ढिगावर ठेवलं. "अजून पाच गावं आहेत," ती म्हणाली. "बघू होतात का दहा हजार."

गाडीचे लाल दिवे चर्चपाशी वळले.

वेरोना परत आली तेव्हा आदाम मेणकापडासमोर उभा होता. बाह्या वर, हात कोपरापर्यंत लाल, अंगापासून लांब धरलेले, कुठे टेकणार नाहीत असे.

"पान कुठाय?"

"गेलं."

"एक मिनिट थांबवली असतीस. रिकामी ओळ तशीच..."

"रेष मारली."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती खाली बसली आणि बुटाची नाडी सोडू लागली. गाठ ओली होती, सुटेना.

"ती ओळ माझी होती," ती नाडीला म्हणाली. "ती माझ्याच खात्यावर जाऊ दे. तुझी राहू दे तुझ्याकडे. तिचं नाव छापून आलंच, तर मतदानाच्या रविवारी पडद्याआड जा. तिथे कुणी हात बघत नाही."

आदाम खाली वाकला. गुडघ्यावर बसून त्याने तिची गाठ सोडवली, एका बुटाची, मग दुसऱ्या. उठल्यावर स्वच्छ हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. थोड्या वेळाने त्याने ताटलीवरचं कापड काढलं, एक तुकडा तिला दिला आणि एक स्वतः घेतला, आणि त्याची बोटं पुन्हा चकाकू लागली.