मन म्हणतंय, व्हय

हळकुंड तळहातावर आडवं पडलं होतं, दोन पेरांचं, एका टोकाला काळसर — आणि मोडायच्या आधीच गुणमालेला कळलं की आत ओल आहे. मोडलं. खणकन आवाज आला नाही. ओल्या काटकीसारखं ते नुसतं वाकून तुटलं. पोतं परत पाठवा म्हणून तिनं बसल्या जागेवरून सांगितलं आणि सवयीनं वाट बघितली... कुणीतरी म्हणेल, आक्कांना कसं कळतं बाई.

चाळीस वर्षांची सवय. नवरा, धनपाल, हळदीचे नमुने रुमालात बांधून घरी आणायचा तेव्हापासूनची. मग हळदीवरून गोष्ट माणसांवर गेली. सांगलीत, पार कुपवाडपर्यंत, आपल्या माणसांत कुणाचं स्थळ बघायचं असलं की गुणमालेला कोपऱ्यातल्या पाटावर आणून बसवायचे. तिनं काही विचारायचं नाही, पोह्यांना हात लावायचा नाही. कपबशा आत गेल्या की एवढंच बोलायचं — मन म्हणतंय, व्हय. नाहीतर, न्हाई. त्या एका शब्दावर किती पोरी नांदायला गेल्या, किती घरी बसल्या. घरी बसलेल्यांतली एक अजून जैन बस्तीत दर्शनाला आली की हिला बघून खांबाआड होते. होऊ दे. चौथी नापास बाईपुढं बी.ए.वाले हात जोडतात ते उगीच?

आणि गेल्या आठवड्यात प्राचीनं — शाळेत इंग्रजी शिकवणारी सून, कशाचंही मूळ खणायची खोड असलेली — सालपटच काढलं. बस्तीतल्या व्याख्यानात पुण्याची एक बाई गुणमालेकडे हात करून ‘इंट्यूशन’ म्हणाली होती. शब्द दागिन्यासारखा वाटला, म्हणून गुणमालेनं घरी येऊन अर्थ विचारला. प्राचीनं जाडजूड कोश उघडला. अंतःप्रेरणा, म्हणाली, विचार न करता आतून उमगणं. इथवर ठीक होतं. पण शब्द मूळचा लॅटिन, आणि तिथं त्याचा अर्थ नुसता टक लावून बघणं. त्याच्याही मागं जावं तर बघणं आणि राखण करणं. देव नाही, आतला आवाज नाही...

“म्हंजे गुरख्याचं काम की,” गुणमाला म्हणाली होती. “येताना शिट्टी घेऊन ये मला.”

प्राची हसली. गुणमाला हसली नाही. कारण बघितलं तर तिनं होतंच.

सात वर्षांपूर्वी, याच पुढच्या सोप्यात, लेकीला, त्रिशलेला, बघायला आले होते तेव्हा. लोणंदचं सिमेंटचं दुकान, एकुलता मुलगा, बोटात पुष्कराज — आणि तिची जाऊ याच स्थळावर स्वतःच्या पोरीसाठी टपलेली. उकडतंय म्हणून मुलानं पंख्याच्या बटणाकडे हात उचलला, आणि शेजारी बसलेल्या त्याच्या आईनं डोळे मिटले. खांदा कानाशी गेला तिचा. पापणी लवायच्या आत परत जागेवर. कुणी बघितलं नाही. मी बघितलं. जन्म दिलेली आई, आणि पोराचा हात वर गेला की तिचा खांदा... मला कळलं, मोडायच्या आधी कळतं तसं लख्ख कळलं, आणि माझी त्रिशला आत चहा गाळत होती, आणि जावेची खाली गेलेली मान मला डोळ्यांपुढं दिसत होती, आणि मी म्हटलं — मन म्हणतंय, व्हय.

त्रिशला माहेरी येऊन तीन दिवस झाले होते. दंडावरचं निळं आता कडेनं पिवळं पडत होतं. लोणंदची मंडळी आज दुपारच्या गाडीनं तिला न्यायला येणार होती. पाठवायचं की ठेवायचं यावर घरात कुणी बोलत नव्हतं. कर्ता मुलगासुद्धा आईच्या तोंडाकडे बघत होता. त्या तीन दिवसांत गुणमालेच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

त्रिशला येऊन समोर बसली. हाक न मारता, खाली बघत म्हणाली, “जगाच्या पोरींचं कळतं तुला. माझं कळलं नव्हतं, आई?”

कळलं होतं म्हणावं, तर हिच्या डोळ्यांत आपण त्या लोणंदकरापेक्षा वाईट — त्यानं हात उचलला, आपण हात दिसत असताना ढकललं. आणि नव्हतं म्हणावं, तर चाळीस वर्षांचा तो पाट, ते जोडलेले हात, सगळं पाण्यात... गर्वाचं पारडं जड की भीतीचं, हे ती बघत होती, स्वतःकडे परक्या बाईकडे बघावं तशी.

“न्हाई गं,” ती म्हणाली. “न्हाई कळलं.”

त्रिशला पुढं सरकली. मग तिनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. मायेनं. कीव आल्यासारखा.

“मग जाते मी. कळून तू दिलं असतंस ना, तर इथनं हलले नसते. तुझ्या उरावर बसून दिवस काढले असते. पण तुलाच कळलं न्हाई, म्हंजे माझंच कर्म. ते कुणाला चुकलंय.”

उठून ती आत गेली. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला, मध्येच अडकला, पुन्हा आला.

एक वाक्य. मी बघितलं होतं. तीनच शब्द, आणि गाडीला अजून तासभर अवकाश — उठावं, चार पावलं चालावं... गुणमाला बसून राहिली, आतून काही येतं का याची वाट बघत. आणि आतून आली ती भूक, तीन दिवसांची, सणसणीत, आणि त्या भुकेची लाज वाटत नाही हे ध्यानात येऊनही स्वयंपाकघरातल्या भाकरीचा वास तिला फार गोड लागत होता.