तीर्थाचं तसराळं

"आज बी गुलाबपाणी लईच ओतलंय. अत्तराची बाटली पिल्यावानी लागून राहिलंय," रुक्मिणबाई माझ्या काठाशी वाकून पुटपुटल्या आणि ओंजळीतलं तीर्थ डोळे मिटून गिळून मोकळ्या झाल्या. मला शिसारी आली.

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी तसराळं आहे. पांढऱ्या मुलाम्याचं, निळ्या काठाचं, जागोजाग टवके उडालेलं. मुदखेडच्या आश्रमात मला चांदीच्या तिवईवर बसवलंय. पण शिवम्मांनी मला नांदेडच्या बाजारातून आणलं, ते आजाऱ्यांच्या ओकाऱ्या झेलायला.

शिवम्मा देगलूरकडच्या. मुदखेड स्टेशनाजवळ दोन खोल्यांत राहायच्या, तोच त्यांचा आश्रम. घरच्यांनी टाकलेले आजारी, कुठल्याही जातीचे, तिथं यायचे. कुणी गुरुमंत्र मागायला आलं, की शिवम्मा मला त्याच्या हातात द्यायच्या. "आधी हे धर. मंत्राचं मग बघू." समोर कुणीतरी भडाभडा ओकत असायचं. धरणाऱ्याचं तोंड वाकडं झालं, की म्हणायच्या, "उद्या ये रे बाळा." बरेच जण परत येतच नसत.

बांगड्या भरणारी जाहिदा आली, तिनं दारातूनच विचारलं, "अम्मा, माझी नमाज सोडावी लागंल का?"

"न्हाई गं. फकस्त नाक मुरडायचं सोड."

त्या दिवसापासून मी जाहिदाच्या हातातलं भांडं झालो. ती मला राखेनं घासायची, उन्हात पालथं घालायची. मला कधी घाण वाटली नाही. माणसाच्या पोटातून येतं ते कडू असतं, आंबट असतं, पण खोटं नसतं.

शिवम्मा गेल्या. लातूरहून शिवप्रसादजी येऊन आश्रमाचे अध्यक्ष झाले. खाटेखाली मी सापडलो. "अम्मांच्या पूजेचं पात्र!" म्हणत त्यांनी मला कपाळाला लावलं, पाणी ओतलं आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच प्यायले. जाहिदानं तोंड उघडलं होतं, पण तोवर घोट उतरला होता. आता माणसाला लाजवायचं कसं? ज्यांना ज्यांना ठाऊक होतं ते सगळेच गप्प राहिले. मग रांगा लागल्या. आजाऱ्यांच्या खोल्यांत प्रसादाची पोती रचली. त्या गोड, चिकट वासानं मलाच मळमळायला लागलं.

मित्रांनो, कुणावर माया असेल तर त्याच्या भांड्याला हार घालू नका. ते भांडं हातात घ्या.

आज शिवम्मांची पुण्यतिथी. मांडव नुसता तापलेला. खांबाशी टेकलेल्या म्हाताऱ्या जाहिदाला एकाएकी उमळून आलं. बाया साड्या सावरत मागं सरकल्या.

"अगं बाई, अंगावर उडंल की!"

"माताजींना बाहेर घ्या," शिवप्रसादजी माईकवरून म्हणाले, "इथलं पावित्र्य राखा."

जाहिदा ओढणी तोंडात कोंबून उठायला बघत होती. उठता येईना. तिचा श्वास कोंडला.

तेव्हा रुक्मिणबाईंनी मला उचललं, तीर्थ फरशीवर ओतून दिलं आणि मला जाहिदाच्या हनुवटीखाली धरलं. दुसरा हात तिच्या कपाळावर ठेवला.

"अहो ताई, पूजेचं पात्र ते!"

"पूजेचं न्हाई, शिवप्रसादजी. ओकायचं हाय," रुक्मिणबाई कपाळावरचा हात न काढता म्हणाल्या. "कावीळ झाली तवा घरच्यांनी मला हितं आणून टाकलं. मी ह्याच्यातच ओकायची, अन् ही जाहिदा असंच धरून बसायची. तुमी ह्यातूनच तीर्थ पाजलं, अन् लाजंपायी मी बी गुमान पीत राहिले."